नदीकाठचं स्वगत

१

"बद्रीनाथराव, आवाज चोरीला गेला!"

सायकल कुंपणाला आदळून नानासाहेब ओसरीवर आले ते हे वाक्य घेऊनच. शनिवारची सकाळ होती. छावणीच्या बाजारातली निम्मी दुकानंही अजून उघडली नव्हती आणि बद्रीनाथ तोंडात दातून धरून उभे होते. तोंड धुण्याआधी कुणी कुणाला कोडी घालू नयेत, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण नानासाहेब पडले इंग्रजीचे प्राध्यापक. साधी गोष्ट साधेपणानं सांगणं त्यांना कधी जमलंच नाही.

"कुणाचा आवाज?"

"मुंजाबाचा."

बद्रीनाथांनी दातून टाकून दिलं.

निजामाच्या अमलात ते पोलीस अमीन होते. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, अमीनचे ते फौजदार झाले आणि उर्दूत रपट लिहिणाऱ्या हाताला मराठी वळण लावता लावता निवृत्तही झाले. आता संध्याकाळी नानासाहेबांबरोबर फिरायला जाणं एवढीच त्यांची नोकरी उरली होती. त्या फिरण्यात मुंजाबाची गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की तो पोरगा आपल्याच घरी जेवून गेल्यासारखा त्यांना वाटायचा.

मुंजाबा गंगापूरकडचा, गोदावरीकाठच्या वस्तीवरचा; तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बाप सांडू मेंढरं राखणारा. त्या वस्तीवरून कॉलेजात आलेला हा पहिलाच मुलगा, आणि आला तो थेट जुन्या इंग्रजी नाटकांच्या नादाला लागला. गेल्या वर्षी त्या नाटकांतल्या स्वगतांची आंतरकॉलेज स्पर्धा झाली. मोठमोठ्या घरची, कॉन्व्हेंटात शिकलेली पोरं बाजूला राहिली आणि पहिलं बक्षीस मुंजाबानं नेलं. नानासाहेबांनी हौसेनं त्याचं स्वगत टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलं. त्यानंतर महिन्याभरात भादव्यात नदीला पूर आला आणि मुंजाबा वाहून गेला.

त्याचा एकही फोटो नव्हता. होता तो हा आवाज.

"उद्या अकराला त्याची आई येणार आहे हो," नानासाहेब ओसरीच्या कडेवरच बसले. "वर्ष झालं म्हणून मीच निरोप धाडला, पुतळाबाईला मुलाचा आवाज ऐकवतो म्हणून. ती माउली आठ दिवस मोजत बसली असेल. मी तिला काय सांगू?"

बद्रीनाथांची पत्नी लक्ष्मीबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. चेहरा अजून डोळ्यांपुढे यायचा, हातावरचं गोंदणसुद्धा आठवायचं. आवाज मात्र कधीतरी निसटून गेला होता. तो नेमका कसा होता हे कितीही डोकं खाजवलं तरी त्यांना सांगता आलं नसतं, आणि ह्या गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटायचं.

"तोंड धुतो आणि येतो," ते म्हणाले.

२

इंग्रजी विभागाची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि एक लाकडी कपाट. कपाटाचं कुलूप निजामाबरोबरच गेलं असावं. दाराच्या दोन कड्यांतून सुतळी ओवून नानासाहेब तिला गाठ मारत, तोच बंदोबस्त.

"वरच्या कप्प्यात टेपची तीन स्पूल होती," नानासाहेब म्हणाले. "दोनांवर माझी व्याख्यानं. तिसऱ्याच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरात मुंजाबाचं नाव लिहिलं होतं, इंग्रजीत आणि मराठीतही."

"तिन्ही गेली?"

"तिन्ही. माझी व्याख्यानं कुणी का चोरील?"

"ते मलाही कळत नाही," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाले. खालच्या कप्प्यात एक कोरं स्पूल तसंच पडून होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. "सुतळी तोडलेली होती का?"

"छे, बांधलेली होती. उलट आज लवकर सुटली. एरवी माझी गाठ मलाच सुटत नाही, नखं दुखेपर्यंत झटावं लागतं. आज एक टोक ओढलं आणि झालं की मोकळी."

बद्रीनाथांनी सुतळी हातात घेतली, बोटांत फिरवली आणि खिशात टाकली. गुरुवारी सकाळी स्पूल जागेवर होती हे नानासाहेबांना पक्कं आठवत होतं. त्यानंतर खोलीत आले ते तिघंच. मराठी शिकवणाऱ्या वच्छलाबाई एखादं स्पूल मिळेल का म्हणून विचारायला आल्या होत्या. गंगापूरच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा काकासाहेब, गेल्या वर्षीचा दुसऱ्या नंबरचा, यंदाच्या स्पर्धेबद्दल बोलायला आला होता. आणि मुंजाबाचा बाप सांडू बाजाराला आला होता, तो पोराची शिकायची जागा बघायला येऊन गेला.

"त्याला चहा पाजला, कपाट दाखवलं. म्हटलं, ह्यात तुझा मुलगा बोलतोय. बिचारा बघतच राहिला. मग मी तासाला गेलो."

"आणि हे स्वगत म्हणजे नेमकं काय? मला पोलिसाला कळेल असं सांगा."

नानासाहेब उभेच राहिले. शिकवायचं म्हटलं की त्यांना बसवत नसे. "एका सरदाराचा मुलगा. बापानं तलवार देऊन लढाईवर धाडलं, आणि हा फौज टाकून पळून आलाय. नदीकाठी एकटा उभा आहे. पलीकडे बापाचा किल्ला. तो म्हणतो, बाबा, तुमची तलवार मला पेलत नाही. मी तुमचं नाव घालवलं. नदी कुणाला नाव विचारत नाही, तिनंच मला घ्यावं—"

"हा तर मरणाआधीचा जबाब झाला!" बद्रीनाथ मधेच म्हणाले.

"जबाब कसला? स्वगत आहे ते. तिथं दुसरं कुणी नाहीच. माणूस एकटा असताना स्वतःशी बोलतो, म्हणून ते खोटं नसतं. रंगभूमीचा कायदाच आहे तो."

"तेच म्हणतो मी. तीस वर्षांत मला ज्यांनी ज्यांनी खरं सांगितलं, त्यांना मी खोलीत आहे हे ठाऊकच नव्हतं."

नानासाहेब हसले. बद्रीनाथ मात्र हसले नाहीत.

३

वच्छलाबाई टीचर्स रूममध्ये पेपर तपासत बसल्या होत्या. बाईंचा स्वभाव तिखट, पण मन साफ.

"मी नेलं असेल असं वाटतं ना त्यांना? वाटू दे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्यात, त्यांचे आवाज उतरवायला मला स्पूल हवं होतं. सर म्हणाले, खालचं कोरं न्या. पण त्याआधी प्राचार्यांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी सोमवारी मिळायची आहे."

म्हणजे कोरं स्पूल त्यांना कायद्यानं मिळणारच होतं, आणि ते तर कपाटातच होतं. बद्रीनाथांनी मनातल्या मनात बाईंना मोकळं केलं.

"मुंजाबाचं स्वगत तुम्ही ऐकलं होतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझं इंग्रजीशी फारसं सख्य नाही. पण त्या दिवशी मी रडले. 'नदीनं मला घ्यावं' म्हणून झालं आणि तो गप्पच झाला. किती वेळ गप्प! परीक्षक पुढे वाकून बघायला लागले. आम्हाला वाटलं, पोरगा विसरला. पण तो विसरला नव्हता. त्या थांबण्यावरच त्यानं बक्षीस मारलं."

"आणि काकासाहेबाचा पहिला नंबर गेला."

"गेला खरा." त्या जरा घुटमळल्या. "सांगू की नको कळत नाही. काल काकासाहेब माझ्याकडे आला होता. तोंड उतरलेलं. म्हणाला, बाई, मेलेल्या माणसाची वस्तू त्याला न विचारता वापरली, तर ती चोरी होते का?"

४

काकासाहेबाची खोली औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावर. खाली गिऱ्हाइकांची झुंबड होती. बद्रीनाथ जिना चढून दारापाशी आले आणि कडी वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. आतून आवाज येत होता. इंग्रजी नव्हे, मराठी. आणि तीही गंगेकाठची, मेंढरामागची मराठी.

"बा, तुझी काठी मला पेलत नाय. तू दिलीस तवा हसून घेतली, पर हात कापत व्हता माझा. खांड उघड्यावर टाकून पळून आलो मी. आता कंच्या तोंडानं वाडग्यात येऊ? गंगामाय, तू कुणाला नाव इचारत नाय. मला घे. तुझं पाणी थंड हाय, पर बाच्या नजरंवाणी नाय. घे मला."

मग आवाज थांबला. बद्रीनाथ कान देऊन उभे राहिले. आत काहीच हालचाल नव्हती. खालचा दुकानदार मांजरपाटाचा भाव ओरडून सांगत होता आणि वर ही स्मशानशांतता. फौजदारकीत बंद दारामागची अशी शांतता त्यांनी दोनदा अनुभवली होती. दोन्ही वेळा ते उशिरा पोचले होते.

त्यांनी खांदा लावून दार ढकललं. कडी तुटून आत उडाली आणि तिच्यामागोमाग साठीचे फौजदारही.

काकासाहेब आरशासमोर उभा होता. धडधाकट, घाबरलेला.

"फौजदारसाहेब! काय झालं?"

"तू... तू जीव द्यायला निघाला होतास ना?"

"मी तालीम करत होतो," तो म्हणाला. मग जरा रागानं, "आणि अजून संपलं नव्हतं. पुढं आहे."

बद्रीनाथ खुर्चीत बसले. त्यांना हसू येत होतं. पण ते हसू ओठांवर येण्याआधीच विरलं.

"ही मराठी कुठली? नाटक तर इंग्रजी आहे."

काकासाहेबानं मान खाली घातली. "सरांची पद्धत आहे. स्वगत आधी आपल्या घरच्या बोलीत म्हणायचं. तलवार कधी हातात धरली नसेल तर आपल्या घरात जे धरतात ते धरायचं. ते जिवाला लागलं की मगच इंग्रजीला हात घालायचा. मुंजाबानं तलवारीची काठी केली, फौजेचं मेंढरांचं खांड केलं, किल्ल्याचं मेंढरांचं वाडगं केलं. मला माझं काही सुचेना. आमच्या घरी बापाशी कुणी असं बोलतच नाही. म्हणून मी त्याचंच घेतलं. वर्षभर त्याच्याच शब्दांत तालीम करतोय. उद्या त्याची आई समोर बसणार, आणि मी..." त्याचे डोळे भरले. "चोरलंय ते हे. स्पूल नाही चोरलं मी."

"मुंजाबा ही मराठी तालीम कुठं करायचा?"

"सुट्टीत घरी गेला की नदीवर. तिथं कोण ऐकणार, म्हणायचा."

बद्रीनाथांनी खिशातली सुतळी काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. तिन्ही स्पूल नेणारा चोर. डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत नाव असताना एक उचलायचं सोडून तिन्ही नेणारा. एका हिसक्यात सुटणारी गाठ मारणारा. आणि बंद दाराबाहेर आज आपण जसे उभे होतो, तसाच कधीतरी उभा राहिलेला.

"सांडूला निरोप कुणी दिला होता?"

"मीच. सरांनी माझ्याच हाती धाडला होता. म्हटलं, मुंजाबा नदीकाठी उभा राहून बापाशी बोलतो ते सगळं मशिनीत धरून ठेवलंय, ते ऐकायला या. सांडूमामांचा चेहरा एकदम पांढरा पडला."

"तुझ्या घरची जीप आहे ना इथं? काढ," बद्रीनाथ उठले. "नानासाहेबांना घेऊ. आणि ते जे पुढं आहे म्हणालास, ते विसरू नकोस."

५

वस्तीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती. सांडू वाडग्याच्या तोंडाशी एक कोकरू खुंटाला बांधत होता. जीपमधून नानासाहेब उतरताना दिसले तसा तो उभा राहिला, दाव्याचं एक टोक ओढलं, गाठ मोकळी झाली आणि कोकरू आईकडे पळालं.

बद्रीनाथांनी ती गाठ पाहिली. नानासाहेबांनी पाहिली नाही. ते आपले नमस्कार करत होते.

"पुतळाबाई कुठंय?" बद्रीनाथांनी विचारलं.

"पान्याला गेलीय. उद्याच्याला लुगडं धुवून वाळत घातलंय तिनं." सांडू त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

"मग ती यायच्या आत सांग. तिन्ही का नेलीस, सांडू?"

नानासाहेब काहीतरी बोलणार होते, पण काकासाहेबानं त्यांचा हात धरला. सांडू वाडग्याच्या आत गेला आणि गुंडाळलेली घोंगडी घेऊन आला. घोंगडीत तीन डबे होते.

"मला वाचता येत नाय साहेब. कंच्यात पोरगं हाय ते कसं कळावं? म्हून तिन्ही आणली. जाळायची व्हती. काडीबी पेटवली. मग वाटलं, ह्याच्यात त्योच बोलतोय. एकदा जाळला त्याला. आता पुन्यांदा कसा जाळू?" त्यानं डबे जमिनीवर मांडले. "उशाला घेऊन निजतोय. तिन्ही."

"पण का रे बाबा?" नानासाहेबांना राहवेना. "त्याची आई त्या आवाजासाठी..."

"तिच्यासाठीच!" सांडू एकदम ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "तिला वाटतंय, पोरगं मेंढरामागं गेलं आन् वाहून गेलं. तिला तेच ऱ्हाऊ द्या. त्यानं जीव दिलाय मास्तर. माझ्यापायी दिलाय."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या साली ज्येष्ठात पाऊस लांबला, माणूस कमी पडू लागलं, तेव्हा सांडू पोराला म्हणाला होता, कालिज बास झालं, आता काठी धर. चार दिवसांनी सांज व्हायच्या आधी सांडू नदीवर गेला, तर बाभळीच्या पलीकडून पोराचा आवाज. एकटाच उभा राहून पाण्याशी बोलत होता.

"म्हनत व्हता, बा, तुझी काठी मला पेलत नाय. गंगामाय, मला घे. आन् मग गप झाला. लई येळ गप. पुढं जावं तर त्याला कळंल, बानं ऐकलं. म्हून मागं पळालो, लांब जाऊन मोठ्यानं हाक दिली, मुंजाबाऽऽ! आला त्यो. हसत आला." सांडूनं कपाळावर हात मारला. "दुसऱ्या दिशी मीच म्हनलो, नको धरू काठी, जा कालिजला. मला वाटलं टळलं. कुठलं टळतंय? भादव्यात गेलाच की."

"सांडू, ते नाटक होतं," नानासाहेब म्हणाले. "त्यालाच तर बक्षीस मिळालं."

"बक्षीस इंग्रजीला मिळालं, मास्तर. नदीवर त्यो आपल्या बोलीत बोलला. माझ्याशी बोलला. नाटकात धनगराचा बा असतोय व्हय?"

आपली पद्धत किती चांगली आहे हे नानासाहेबांनी वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं. ती चांगली होती म्हणूनच हा माणूस वर्षभर असा जळत राहिला होता. ते तिथंच दगडावर बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

बद्रीनाथांनी काकासाहेबाकडे पाहिलं. "म्हण."

६

काकासाहेबानं आजवर हे स्वगत कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि आत काही नाही, असं नानासाहेब त्याला नेहमी म्हणत. तो वाडग्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणू लागला.

"बा, तुझी काठी मला पेलत नाय..."

सांडू दचकला. "हे त्याचं हाय. तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही दोघं एकाच खोलीत पाठ करायचो, मामा," काकासाहेब वळून म्हणाला. "मी पन्नासदा म्हटलंय. माझ्या बापाला अजून जिवंत पोरगा आहे." आणि पुन्हा नदीकडे वळला. "तू दिलीस तवा हसून घेतली, पर हात कापत व्हता माझा..."

एकेक वाक्य येत गेलं आणि सांडू आखडत गेला. "घे मला" आलं. काकासाहेब थांबला. वाऱ्याचा आवाज तेवढा उरला.

"बास!" सांडूनं कानांवर हात ठेवले. "बास कर पोरा."

बद्रीनाथांनी त्याचे हात धरून खाली घेतले. "दार तोडून आत शिरलो होतो मी आज, ह्याच थांब्यावर. तुझ्यासारखंच मलाही वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. ऐक."

काकासाहेबानं खोल श्वास घेतला.

"नाय. उजाडलं का? वाडग्यात बा उठला असंल. कवाड उघडून मोजदाद करंल, आन् एक कमी भरंल. मग हाक दील. रागानं दील, पर माझ्याच नावानं दील. गंगामाय, तू आपली वाहा. मी जातो. मला हाक आलीय."

सांडूचे ओठ हलत होते.

"हाक... हाक तर मी दिली व्हती."

"व्हय," बद्रीनाथ म्हणाले. "नेमकी त्या थांब्यात दिलीस. पुढची वाक्यं म्हणायची त्याला गरजच राहिली नाही, ती तू खरी केलीस. म्हणून तो हसत आला. जीव द्यायला उभा असलेला पोरगा हसत येत नाही, सांडू."

सांडू खाली बसला. पण वर्षभर उराशी धरलेलं दुःख असं एका दमात सोडवत नाही. त्यानं मान हलवली.

"मग भादव्यात? भादव्यात काय झालं?"

"तो सापडला तेव्हा हातात काय होतं?"

"दावं व्हतं. मनगटाला येढे दिलेलं. दुसऱ्या टोकाला मेंढी. दोघंबी बाभळीत अडकलेले."

बद्रीनाथांनी खिशातली सुतळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "तुमची गाठ एका हिसक्यात सुटते. मास्तरांच्या कपाटाला तू तीच मारलीस, हाताच्या सवयीनं. मेंढीच्या गळ्याची गाठ पोरानं ओढली असती तर मेंढी वाहून गेली असती आणि तो काठाला लागला असता. त्यानं ओढली नाही. मनगटाला आणखी वेढे दिले. जीव नकोसा झालेला माणूस जाताना मेंढरू सोबत ओढत नाही. धनगराचा पोरगा तर मुळीच नाही. 'मेंढरामागं गेला' म्हणणारे लोक तुझं मन राखायला खोटं बोलत नव्हते रे. तो मेंढीसाठीच गेला."

सांडूनं सुतळी मुठीत घट्ट धरली. "काठी पेलत नाय म्हनत व्हता," तो म्हणाला आणि वर्षात पहिल्यांदा, वस्तीवरच्या कुणाचीही पर्वा न करता, मोठ्यानं रडला.

पाणी घेऊन आलेली पुतळाबाई वाडग्याच्या तोंडाशी थबकली. डोईवर घागर तशीच होती. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि घागर हळूच खाली उतरवली. गेल्या वर्षी सगळी वस्ती रडली तेव्हा हा माणूस रडला नव्हता, एवढं तिच्या लक्षात होतं.

७

रविवारी अकरा वाजता इंग्रजी विभागाच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. वच्छलाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. काकासाहेब दारात उभा होता. यंदाच्या स्पर्धेत आपण उतरत नाही, असं त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं. नानासाहेबांनी त्याला नाव मागे घ्यायला मात्र दिलं नाही. म्हणाले, काल म्हटलंस तसंच म्हण.

पुतळाबाई धुतलेलं लुगडं नेसून मशिनीसमोर बसली होती. आपला मुलगा ह्या एवढ्याशा चक्रीत कसा मावला असेल, हे तिला कळत नव्हतं आणि तिनं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिच्या शेजारी सांडू बसला होता, डोक्याचं पागोटं मांडीवर घेऊन.

नानासाहेबांनी बटण दाबलं. खरखर झाली आणि खोलीत मुंजाबा बोलू लागला.

इंग्रजीतलं एक अक्षर आईला कळत नव्हतं. ती पुढे झुकून नुसतं ऐकत होती. मधेच एकदा हसली. "घसा कोरडा पडलाय," शेजारच्या सांडूला हळूच म्हणाली. "उपाशी गेला आसंल. सदा असंच करायचा."

बद्रीनाथ मागच्या भिंतीला टेकून उभे होते. लक्ष्मीबाई त्यांना अशीच म्हणायची, उपाशी जाऊ नका. शब्द आठवत होते, आवाज काही केल्या येत नव्हता. त्यांनी डोळे पुसले.

मशिनीतला आवाज चढत गेला, मग उतरला, आणि थांबला. चक्री फिरत होती, पण आतून काही येत नव्हतं. पुतळाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर सावरला, जमिनीला हात टेकला आणि उठू लागली.

"झालं का एवढंच?"

सांडूनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बस," तो म्हणाला. "अजून हाय. त्याला हाक यायचीय."

ती बसली. चक्री फिरत राहिली, आणि मुंजाबा पुन्हा बोलू लागला.